डाव्या हाताची जीप

"डाव्या हाताची का उजव्या हाताची?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं, आणि मनोजनं जराही न थांबता "उजव्या" म्हणून सांगून टाकलं. कुर्ल्याच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं होती, प्रत्येक दुकानाच्या तोंडाशी तेलकट लोखंडाचा ढीग, आणि कुठला तुकडा कुठल्या गाडीचा हे त्या त्या दुकानदारालाच ठाऊक. माणूस आत जाऊन एक स्टिअरिंग बॉक्स घेऊन आला, फळीवर ठेवला आणि खात्री करायची म्हणून त्यानं मनोजचा मोबाइल मागून घेतला. मोबाइलमध्ये जीपचा फोटो होता. कडावच्या घरामागच्या पडवीत ताडपत्री बाजूला सारून मनोजनंच तो काढला होता आणि तेव्हापासून ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, भेटेल त्याला दाखवला होता. माणसानं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि मोबाइल परत त्याच्याकडे फिरवला. "साहेब, ही डाव्या हाताची आहे." मनोजनं पाहिलं. स्टिअरिंगचं चाक डावीकडे होतं. धूळ बसलेलं, वरच्या बाजूला रबर उडालेलं, पण डावीकडे, अगदी ठसठशीत. ते काही आत्ता तिथं जाऊन बसलं नव्हतं. "डाव्या हाताचा माल आता येत नाही," असं म्हणत माणसानं बॉक्स उचलून पुन्हा आत नेला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मनोजनं आधीच बांधून घेतलेलं रिपेअरिंगचं पुस्तक, म्हणजे कुणाच्या तरी पुस्तकाची झेरॉक्स, काखेत मारलं आणि तो गल्लीबाहेर आला. आपल्याला लाज का वाटते आहे ते त्याला नीट कळेना. सुटा भाग चुकीचा मागितला तर मागितला, त्यात एवढं काय. पण ज्या जीपमध्ये आपण वाढलो तिचा ड्रायव्हर कुठल्या बाजूला बसायचा हे आपल्याला एका परक्या माणसानं सांगावं, हे काही त्याच्या पचनी पडेना.

पनवेलच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्यानं डोळे मिटले आणि बाबांना जीपमध्ये बसवून पाहिलं. ते डावीकडे बसेनात. उजवीकडे बसले, मग डावीकडे बसले, मग दोन्हीकडे त्यांची फक्त मान दिसायला लागली, उन्हानं रापलेली, टोपीच्या कडेखाली घामानं चमकणारी. मान मात्र पक्की आठवत होती. कारण मनोज कधी पुढं बसलाच नव्हता. पुढं आई-बाबा बसायचे. मागं दोन्ही बाजूंना आडव्या फळ्या होत्या, मधे दुधाच्या बरण्या, आणि त्या बरण्यांना टेकून, तोंड रस्त्याकडे न करता समोरच्या फळीकडे करून तो बसायचा. कधी या फळीवर, कधी त्या. या फळीवर बसलं की बाबांची मान जवळ, त्या फळीवर बसलं की आईचा अंबाडा जवळ. जगाला डावं-उजवं असतं हे त्या जीपमध्ये त्याला कधी जाणवलंच नाही. कडावहून रोज सकाळी दूध कर्जतला जायचं, शाळा कर्जतला होती म्हणून दुधाबरोबर तोही जायचा, आणि उतरताना त्याच्या चड्डीला बरण्यांचा आंबूस वास यायचा. त्या वासावरून वर्गातली पोरं त्याला काय म्हणायची ते आठवून आता, बसमध्ये, त्याला चक्क बरं वाटलं. मग जीपचा स्टिअरिंग बॉक्स गेला. सुटा भाग मिळेना, आणि तोवर डेअरीचा टेंपो गावातच यायला लागला होता. बाबांनी जीप पडवीत घेतली. विकली मात्र नाही. दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालायची, इंजिन चालू करायचं, थोडा वेळ घुरघुरू द्यायचं आणि बंद करायचं. बाबा गेले त्याच्या आधीच्या दसऱ्यालासुद्धा ती पहिल्या झटक्यात चालू झाली होती.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. पनवेलच्या डॉक्टरनं गावातल्या तपासणी शिबिराचा रिपोर्ट पाहून सांगितलं होतं की अजून लांबवलं तर पुढं डोळा वाचेल याची खात्री नाही. आणि विमलबाई, म्हणजे मनोजची आई, ऑपरेशनला तयार नव्हती. रागावून नाही, रडून नाही, साधं नाही म्हणत होती. बाबा गेल्यापासून ती कडावच्या बाहेर पडलीच नव्हती. पनवेलला राहायला ये म्हटलं तर, "मला तिकडं काय काम?" मामाच्या नातवाच्या बारशाला चल म्हटलं तर, "मला तितं काय काम?" दवाखान्यालाही तेच. शिवाय, "मला म्हशी दिसतात, चूल दिसते, तू दिसतोस. आनखी काय बघायचं हाय?" मनोज दर रविवारी जायचा आणि दर रविवारी हेच ऐकून परत यायचा. एका रविवारी पडवीत उभं राहून, वादावादीला कंटाळून, तो म्हणाला होता, "ही जीप चालू करतो आणि मी स्वतः चालवतो. मग तर येशील?" आई गोवऱ्या रचत होती. तिनं हात थांबवला, जीपकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तू चालवनार? मंग बघू डोळ्याचं." त्याला एवढंच हवं होतं. अट घातली की मनोजला सुचायला लागतं. खालापूरकडच्या एका औषधाच्या कारखान्यात तो कागदपत्रांच्या खात्यात होता. कुठलं मशीन कुठल्या क्रमानं चालवायचं, कुठला नट किती आवळायचा, हे तिथं सगळं लिहिलेलं असे, आणि लिहिलेल्याप्रमाणे झालं की नाही हे पाहणं हे त्याचं काम. बाबांची आठवण आहे, बाईमाणसाचा जीव वस्तूत अडकतो, असा त्यानं आईच्या बोलण्याचा अर्थ लावला आणि तो कामाला लागला. आधी बरोबर पुस्तक, मग बरोबर सुटे भाग, मग जीप, मग डोळा.

झेरॉक्सचं पुस्तक अर्थातच चुकीचं निघालं. पहिली पानं नव्हतीच, आणि ज्या पानावर स्टिअरिंगची आकृती होती तिथं सगळं उजवीकडे होतं. आरशात धरून बघितलं तरी जमेना, कारण क्लच आणि ब्रेक आरशात उलटे होतात, जीपमध्ये होत नाहीत. जेवणाच्या टेबलावर पुस्तक पसरून बसलेल्या नवऱ्याला वाढताना छाया म्हणाली, "खाली पार्किंगमध्ये चांगली गाडी उभी आहे आपली. एसी आहे तिला. आईंना उचलून आत बसवू शकतो आपण." मनोज म्हणाला, "उचलून नाही न्यायचं." छाया म्हणाली, "मग भाजी तरी घे." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण त्याला आता त्या आकृत्यांचा नाद लागला होता. जीप उलगडून हवेत ठेवल्यासारखी काढलेली असे, प्रत्येक वॉशर, प्रत्येक पिन सुटी, शेजारी नंबर. सीटलासुद्धा नंबर होता. सगळं सुटं करून पाहिलं की काय कुठं जातं ते कळणारच, असा त्या आकृत्यांचा शांत विश्वास होता आणि मनोजला तो फार आवडायचा. जुन्या जीपवाल्यांच्या एका मोबाइल ग्रुपवर कुणी तरी त्याला स्कॅन पाठवलं, ते निघालं नंतरच्या सालच्या गाडीचं. दुसऱ्यानं पाठवलं ते बरोबर सालचं, पण नेमकं स्टिअरिंगचं प्रकरण त्यात नव्हतं. तिसऱ्यानं पुस्तक नाही पाठवलं, एक निरोप पाठवला. कळंबला एका रिसॉर्टच्या दारात तुमच्यासारखीच एक उभी आहे, जाऊन बघा.

ती उभी होती खरी. पिवळ्या रंगात न्हाऊन, चार विटांवर, बोनेट काढून टाकलेलं आणि इंजिनाच्या जागी सदाफुली फुललेली. स्टिअरिंग डावीकडे. आपल्या ओळखीचं माणूस कुणी सोंग चढवून दारात उभं केलेलं दिसावं तसं मनोजला झालं. मॅनेजरचं नाव हुजैफा. चौक गावचा तरुण, हसरा पोरगा, कुणी गाडीबद्दल बोलायला आलंय म्हटल्यावर तो खूश झाला. "सर, लोक सगळ्यात जास्त फोटो इथंच काढतात. स्विमिंग पूलपेक्षा जास्त." मनोजनं त्याला सगळं सांगितलं, आईच्या डोळ्यासकट. सांगताना आपण इतकं का सांगतो आहोत असं त्याला वाटलं, पण हुजैफानं मन लावून ऐकलं. तो म्हणाला, "बॉक्स तुम्ही घेऊन जा, सर. शेठना मी सांगतो. फक्त चाक मला तिथंच बसवून द्या. चाकाला हात लावूनच फोटो काढतात लोक. खाली काय आहे ते कोण बघतंय?" मग तो म्हणाला, "आणि तुम्हाला पुस्तक पायजे ना? या." तो मनोजला जेवणाच्या हॉलमध्ये घेऊन गेला. भिंतीवर ओळीनं फ्रेमा होत्या आणि फ्रेमांत पिवळट पडलेली, छापील, आकृत्यांची पानं. कुण्या इंटिरियरवाल्यानं कुठून तरी जुनं लष्करी पुस्तक मिळवून, फाडून, भिंत सजवली होती. मनोज एकेका पानापुढं उभा राहिला. गिअर बॉक्स आइस्क्रीमच्या फ्रिजवर होता. पुढचा ॲक्सल बुफेच्या टेबलामागं. आणि स्टिअरिंगचं प्रकरण, डाव्या हाताचं, बरोबर सालचं, हात धुवायच्या बेसिनच्या वर. तिथं हात धुणाऱ्या लोकांच्या खांद्यांवरून मोबाइल उंच धरून त्यानं पानाचे फोटो काढले. एका बाईनं आपलाच फोटो काढतोय असं समजून कपाळाला आठ्या घातल्या. मनोजला तिची माफी मागायचंसुद्धा सुचलं नाही. एवढा आनंद त्याला त्या वर्षात दुसऱ्या कशानं झाला नव्हता. आता फक्त लिहिल्याप्रमाणे करायचं होतं.

झहीरचं गॅरेज कर्जतला चारफाट्याजवळ. झहीर आणि मनोज एका वर्गात होते, आणि बरण्यांच्या वासावरून चिडवणाऱ्यांत झहीर पहिला. जीप ट्रॅक्टरला बांधून कडावहून त्याच्याकडे आणली तेव्हा त्यानं तिच्या भोवती एक चक्कर मारली आणि टपावर थाप मारून म्हणाला, "काकांचा हात हिच्यावर." मग तो कळंबच्या बॉक्सकडे वळला. तो उघडायला त्याला दुपार लागली. संध्याकाळी मनोज कारखान्यातून परस्पर तिथं पोचला तेव्हा बॉक्स कापडावर उघडा पडला होता. आत चिखल वाळून घट्ट झाला होता आणि त्या चिखलात पांढरी बारीक मुळं होती. "सदाफुलीला रोज पानी घालीत असनार," झहीर म्हणाला. "सगळं खाल्लं गंजानं. बनवून घेता येईल, नाय असं नाय. मुंबईला टर्नरकडं पाठवायचा. पन कवा येईल ते मला नको इचारू. पाऊस होऊन जाईल." मनोजनं मोबाइलमधलं पान काढून त्याला दाखवलं. झहीरनं ते आदरानं पाहिलं आणि परत दिलं. "पान बराबर हाय रं, पन पानातनं बॉक्स बाहेर पडत नाय ना. तू माझं आयक. उजव्या बाजूचा पुरा सेट कुर्ल्यात पडलाय. क्लच-ब्रेकची पॅडलं इकडनं तिकडं घेतो, चासीला नवा पत्रा मारतो, झालं. सगळे करतात." मनोजनं मोबाइल खिशात टाकला. झहीर हात पुसत पुढं म्हणाला, "आनि दुसरं सांगू? डाव्या बाजूनं तुला चालवता येनार नाय. पुढं डंपर आला की तुला डंपरच दिसनार, रस्ता नाय दिसनार. बाजूला कोन तरी बघनारा लागतो. काकांचं चालून गेलं, काकी व्हत्या."

काकी होत्या, हे खरंच होतं, आणि झहीर म्हणेपर्यंत मनोजच्या ते कधी मनातच आलं नव्हतं. गॅरेजमधल्या उलट्या ठेवलेल्या टायरवर बसल्या बसल्या त्याला दूध नेणारी सकाळ दिसायला लागली, आणि या वेळी बाबा न सांगता डावीकडे बसले. पुढं ट्रक. बाबांचा वेग कमी. आई उजवीकडे, रस्त्याच्या मधल्या अंगाला, काचेच्या चौकटीला एक हात धरून अर्धी बाहेर झुकलेली, पदराचं टोक दातांत धरलेलं. ती ट्रकच्या पलीकडं बघायची. मोकळं असेल तर दातांतला पदर न सोडता "हं" म्हणायची. मोकळं नसेल तर काहीच म्हणायची नाही. बाबा मान वळवत नसत. ते आईकडेही बघत नसत आणि ट्रकच्या बाजूला वाकूनही बघत नसत. नुसते थांबायचे. "हं" आलं की गाडी काढायचे. घरी बाबांचा शब्द खाली पडत नसे. जेवणात मीठ कमी पडलं तरी घर गप्प व्हायचं. आई त्यांना नावानं हाक मारत नसे, अहोजाहो करून समोरासमोर बोलतही नसे, भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची. आणि त्याच बाबांनी कडाव ते कर्जत, रोज, सगळ्या बरण्या, पोरगा आणि स्वतःचा जीव त्या एका "हं"वर सोडलेला असे. हे मनोजला मागं बसून रोज ऐकू येत होतं. त्याला वाटायचं आई गुणगुणते आहे, किंवा वाऱ्यात बरं वाटतं म्हणून वाकली आहे. आता कळलं. केवढा घोर त्या बाईच्या जिवाला, त्याच्या मनात आलं. पावसात, धुक्यात, डोळ्यांत धूळ जात असताना, चुकून चालायचं नाही. आणि आता सत्तरी ओलांडल्यावर, डोळ्यात पडदा आल्यावर, पुन्हा तिला त्या बाजूला बसवून पुढचं बघायला लावायचं? त्याला आईची फार माया आली. "उजवीकडं घे," तो झहीरला म्हणाला. "तिला आता काही बघायला लागायला नको. मजेत बसू दे."

एकदा ठरल्यावर काम भराभर झालं. कुर्ल्याच्या दुकानात फळीवरून आत गेलेला तोच बॉक्स पुन्हा बाहेर आला. काउंटरवरच्या माणसाला मनोज आठवलाही नाही. एवढं धुंडाळून मिळवलेलं बरोबर पुस्तक आता बरोबर राहिलं नव्हतं. बेसिनवरच्या पानाशी ही जीप जुळत नव्हती आणि झेरॉक्सच्या पानाशीही पुरती जुळत नव्हती. एका दुपारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मनोजनं स्वतःच एक आकृती काढली, झहीरनं काय कुठं हलवलं त्याची, आणि आपल्या खात्याच्या सवयीप्रमाणे प्रत्येक भागाला नंबर दिले. आकृती छान झाली. त्यानं आईला फोन केला आणि जीप येत्या आठवड्यात तयार होते आहे म्हणून सांगितलं. पलीकडं म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजत होती. मग आई म्हणाली, "मंग डागतरची तारीक घेऊन टाक." तिनं हे स्वतःहून म्हणावं याचं त्याला इतकं नवल वाटलं की त्यानं तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. "घे की तारीक. आता उशीर करून कसा चालंल?" आई म्हणाली. तिच्या आवाजात घाई होती, पोरीबाळींची जत्रेला निघताना असते तशी. ऑफिसात मनोजनं सगळ्यांना पेढे दिले. कशाचे म्हणून विचारलं तर गाडीचे म्हणाला.

तारखेच्या दिवशी सकाळी जीप अंगणात आणून त्यानं हॉर्न वाजवला. झहीरनं तिला जुनाच हिरवा रंग दिला होता. शेजारची चिंधी आणि तिची सून बघायला आल्या. आई घरातून निघाली ती नवं लुगडं नेसून, हातात पिशवी, अंबाडा घट्ट बांधलेला. तिचं पाऊल चुकत होतं, पायरी पायानं चाचपून ती उतरली, पण जीपपाशी आल्यावर चाचपणं थांबलं. सरळ, न बघता, ती उजव्या बाजूला गेली आणि काचेची चौकट धरायला तिनं हात वर केला. हात मनोजच्या खांद्याला लागला. ती थबकली. डोळे बारीक करून तिनं त्याला पाहिलं, चाक पाहिलं, मग पलीकडची रिकामी सीट पाहिली. "तू इकडं कसा?" तिनं विचारलं.

"आता सगळ्या गाड्यांचं इकडंच असतं, आई," मनोज म्हणाला. सांगायची त्याला हौस होती, कधीपासून तो हे सांगायची वाट बघत होता. "तिकडून चालवलं की पुढचं दिसत नाही. तुला वाकून वाकून बघायला लागायचं. आता काही नको. मला इथून सगळा रस्ता दिसतो. तू आपली आरामात बस."

आई चौकट धरून उभी होती. "मंग मी कशाला येऊ?" ती म्हणाली. भांडायला म्हणाली नाही, खरंच विचारल्यासारखं म्हणाली. मनोज हसला. म्हणाला, "अगं, डोळा तुझा आहे. तू नाही तर कोण येणार?" चिंधीही हसली. आईनं मग हात काढला, जीपला पुढून वळसा घातला, बोनेटला बोटं लावून अंदाज घेत घेत, आणि ती डावीकडे चढून बसली. पिशवी मांडीवर घेतली. मनोजनं गिअर टाकला. बॉक्स लोण्यासारखा फिरत होता, चाक जिथं वळवावं तिथं वळत होतं. कर्जत मागं पडलं तरी मनोज एकटाच बोलत राहिला, झहीरबद्दल, सदाफुलीच्या मुळांबद्दल, हात धुवायच्या जागी सापडलेल्या पानाबद्दल. ती मधूनच मान हलवत होती. डाव्या बाजूनं झुडपं, गटार, घरांच्या मागच्या बाजू जवळून जात होत्या.

चौकच्या अलीकडं एक खडीचा डंपर पुढं आला. चढावर तो हळू झाला, मनोजही हळू झाला. समोरचा रस्ता त्याला स्वच्छ दिसत होता, पार वळणापर्यंत रिकामा. काढायला काहीच हरकत नव्हती. त्यानं इंडिकेटर दिला आणि पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला, पण पाय दाबला जाईना. रोज कारखान्याला जाताना तो कितीतरी गाड्या मागं टाकत असे. आज या गाडीत, या आवाजात, त्याला नुसतं दिसून भागेना. काहीतरी यायचं राहिलं आहे असं वाटून तो थांबला होता. "आई," तो म्हणाला, "जाऊ का?"

"मला काय इचारतोस?" आई म्हणाली. "मला इकडनं झाडंच दिसतात."

मागून एक रिक्षा आली, त्याला ओलांडून, डंपरलाही ओलांडून गेली. मग एक एस्टी गेली. डंपरमधल्या खडीची बारीक कच काचेवर तडतडत होती. आईनं पदरानं तोंड पुसलं. "मी म्हनलं, मनोज जीप चालवनार म्हंजे डोळा करूनच घ्यायला पायजे," ती सरळ समोर, डंपरच्या फाळक्याकडं तोंड करून म्हणाली. "एका डोळ्यानं लांबचं उमगत नाय. पुढचं तुला सांगायचं कोनी? म्हनून तर तारीक घे म्हनलं तुला." तिचा आवाज घरात भिंतीला सांगायची तसा झाला होता. मनोजनं इंडिकेटर बंद केला. परत डावीकडं करून घेऊ असं म्हणावं हे त्याच्या मनात आलं, पण त्यानं नुसता गिअर खाली घेतला. रस्ता अजूनही मोकळा होता. वळण आलं, गेलं, पुन्हा सरळ रस्ता लागला, आणि तो डंपरच्या मागं मागं चालवत राहिला. त्याला आपली आकृती आठवली, प्रत्येक भागाला नंबर दिलेली, उजव्या सीटलासुद्धा, आणि लहान पोराला रडू येतं तसं त्याला रडू यायला लागलं. आईला दिसण्यासारखं नव्हतं म्हणून त्यानं डोळे पुसले नाहीत.

"लई वेळ लागंल का रं तितं?" पनवेल जवळ आल्यावर आईनं विचारलं.

"नाही. दुपारपर्यंत सोडतात."

"मंग परत मी यस्टीनं जाईन," आई म्हणाली. "तुजा दिस कशाला मोडायचा?"